रवंथ करणारें मन

गाईनें रवंथ करावा हा तिच्या देहाचा धर्म आहे. सकाळीं घाईघाईनें ओरबाडलेला चारा दुपारीं झाडाच्या सांवलींत बसून ती पुन्हां तोंडांत आणते, संथपणें चघळते, आणि त्या चघळण्यांतून शेवटीं दूध निर्माण होतें. मनुष्याचें मनही रवंथ करतें. परंतु त्याच्या व गाईच्या रवंथांत एक मोठा भेद आहे. गाईचा घांस प्रत्येक खेपेस अधिक बारीक होत जातो व अखेर पचतो. मनाचा घांस जितका चघळावा तितका मोठा व कडू होत जातो, आणि पचत तर कधींच नाहीं. इंग्रजी मानसशास्त्रज्ञांनीं या मनोव्यापारास जो शब्द योजिला आहे त्याचाही मूळ अर्थ रवंथ असाच आहे. आपल्या मराठींत मात्र त्याला एक नव्हे, अनेक शब्द आहेत. घोकणें, उगाळणें, कुढणें, मनाला लावून घेणें. आणि कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण तर या सर्वांचें सार एका वाक्यांत सांगून मोकळी होते.

ज्या भाषेंत इतके शब्द आहेत त्या भाषेच्या लोकांस या व्याधीचा परिचय नाहीं असें कोण म्हणेल? तथापि ही व्याधि आहे हें मात्र आपण सहसा कबूल करीत नाहीं. मध्यम स्थितींतील कुटुंबांत तर तिला सद्गुणाचा मान मिळतो. सामना हरून आलेला मुलगा न जेवतां भिंतीकडे तोंड करून निजला, तर घरांतील वडील माणसें हळहळतात आणि त्या हळहळींत थोडें कौतुकही असतें: मुलगा मानी आहे, त्याच्या मनाला लागलें आहे. उलट तोच मुलगा हातपाय धुऊन पानावर बसला व बांगड्याचें तिखलें आणखी वाढा म्हणाला, तर त्याच वडील माणसांच्या कपाळाला आंठी पडते. याला कांहींच वाटत नाहीं काय? आपली ही आंठी एका नैतिक सिद्धांतावर उभी आहे. चुकीबद्दल वाईट वाटत राहणें हें चुकणाऱ्याचें कर्तव्य आहे, आणि जो जितका अधिक काळ दुःखी राहील तो तितका अधिक जबाबदार, असा तो सिद्धांत. तो खरा आहे काय, एवढाच प्रश्न मला येथें विचारावयाचा आहे; आणि तो विचारण्यास खेळणाऱ्या विद्यार्थ्यांइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. कारण परीक्षेंतील चूक निकाल लागेपर्यंत झांकलेली राहते, व्यवहारांतील चूक पुष्कळदां जन्मभर झांकतां येते, परंतु खेळांतील चूक शेंकडों डोळ्यांसमोर, त्याच क्षणीं, आंकड्यांत मांडली जाते.

आमच्या किनाऱ्यावर खेळांचें वेड जुनें आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरांत सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात व त्यांसाठीं दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें येतात. बोर्डिंग मैदानावर क्रिकेट चालतें. कबड्डी तर वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत वाडीवाडींत आहे. परंतु पूर्वींच्या व हल्लींच्या खेळांत एक अंतर पडलें आहे, व तें ध्यानांत घेतल्याशिवाय या मुलांस उपदेश करणें हा निव्वळ उद्धटपणा होईल. आज खेळाला बाजारभाव आहे. शालान्त परीक्षेंत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव असतात. ज्या घरीं बाप दुसऱ्याच्या होडीवर जातो किंवा आई मासळीच्या बाजारांत पाटी घेऊन बसते, त्या घरच्या मुलाच्या हातून शेवटच्या मिनिटास निसटलेला एक गुण हा केवळ एक गुण नसतो; त्यांत एखादे वेळीं सबंध घराची नोकरी निसटलेली असते. अशा मुलाला, 'जाऊं दे रे, खेळ आहे,' असें म्हणणें ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो त्याला सोपें आहे.

माझ्या वर्गांत कांहीं वर्षांपूर्वीं एक कबड्डी खेळणारा विद्यार्थी होता. महाविद्यालयांच्या आपसांतील एका सामन्यांत अखेरच्या चढाईंत त्याची पकड झाली व संघ हरला. हा प्रसंग त्यानें मला दुसऱ्या दिवशीं सांगितला, आणि चार महिन्यांनंतर पुन्हां सांगितला. दोन्ही वेळां शब्द तेच, क्रम तोच, थांबण्याच्या जागाही त्याच. एखादें पाठ केलें असावें तसें तें झालें होतें. मीं त्याला सहज विचारलें कीं, पकड झाली तेव्हां तुझा डावा पाय रेषेपासून किती अंतरावर होता? त्याला तें सांगतां आलें नाहीं. चार महिने रोज रात्रीं तो तो प्रसंग डोळ्यांसमोर आणीत होता, आणि त्या प्रसंगांतील एकमेव उपयुक्त गोष्ट त्यानें एकदांही पाहिली नव्हती! तो पाहत होता तो आपला पाय नव्हे. तो पाहत होता प्रेक्षकांचे चेहरे, प्रशिक्षकाची फिरलेली पाठ, आणि त्या सर्वांच्या मनांतील आपल्याविषयींचें मत.

विचार आणि रवंथ यांत जो भेद आहे तो मला या उदाहरणांत फार स्वच्छ दिसतो. दोहोंचा विषय एकच असतो; दोहोंत मनुष्य गंभीर दिसतो; बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखींच. परंतु विचार 'कसें' असें विचारतो व रवंथ 'कां' असें विचारतो. पाय कसा पडला, दम कोठें संपला, पकडणाऱ्याचा हात कोणत्या बाजूनें आला, या प्रश्नांना उत्तरें असतात व उत्तर मिळालें कीं प्रश्न संपतो. माझ्याच हातून कां, मीच असा कां, या प्रश्नांना उत्तर नसतें. म्हणूनच ते संपत नाहींत. इंग्लंडांतील एक्सेटर विद्यापीठाचे एडवर्ड वॉटकिन्स यांनीं याच भेदावर पुष्कळ प्रयोग केले आहेत, आणि मूर्त तपशिलाचा विचार मनाला सावरतो तर अमूर्त कारणमीमांसा त्याला खचविते असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुःखी मनुष्यानें आपल्या दुःखाचें चिंतन केलें म्हणजे त्याला तें अधिक समजतें, ही समजूत फार पसरलेली आहे. तिला पहिला मोठा धक्का अमेरिकेंत सुझन नोलन-हुक्सिमा या विदुषीनें दिला. १९८९ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांत लोमा प्रीटा नांवानें प्रसिद्ध असलेला भूकंप झाला. त्याच्या सुमारें दोन आठवडे आधींच स्टॅनफर्ड विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडून त्यांनीं कांहीं प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मन खिन्न झालें असतां तुम्ही काय करतां, हा त्यांतील एक विषय. भूकंपानंतर त्याच विद्यार्थ्यांस पुन्हां तपासण्याची संधि अनायासें मिळाली. तेव्हां असें आढळलें कीं, ज्यांना आधींपासून आपल्या खिन्नतेचा रवंथ करण्याची संवय होती ते भूकंपानंतर इतरांपेक्षां अधिक व अधिक काळ खिन्न राहिले. संकट सर्वांवर एकच आलें. पण कांहीं मनांनीं तें एकदां सोसलें व कांहींनीं रोज.

मग उपाय सोपा आहे, असें कोणी म्हणेल. विचार करूं नये म्हणजे झालें. दुर्दैवानें मनाची रचना इतकी आज्ञाधारक नाहीं. औषध घेतांना माकड आठवूं नकोस, नाहींतर गुण येणार नाहीं, असें सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण लहानपणीं ऐकलेली आहे. त्या बिचाऱ्या रोग्याला जन्मांत कधीं आठवलें नव्हतें इतकें माकड तेव्हांपासून आठवूं लागलें. १९८७ सालीं डॅनियल वेग्नर व त्यांचे सहकारी यांनीं हीच गोष्ट प्रयोगशाळेंत नेली. माकडाच्या जागीं पांढरें अस्वल आलें एवढाच फरक. अस्वलाचा विचार करूं नका असें ज्यांना बजावलें त्यांच्या मनांत तें पुन्हां पुन्हां आलें, आणि बंदी उठल्यावर तर इतरांहूनही अधिक आलें. 'तो झेल सुटला हें विसरून जा' असें मैदानाच्या कडेनें ओरडणारा प्रशिक्षक त्या वैद्याचाच भाऊबंद होय.

आठवूं नये तर नाहीं, आणि आठवत बसावें तर तेंही नाहीं. मग मनानें करावें तरी काय? या कोंडींतून एक तिसरी वाट हल्लीं क्रीडाक्षेत्रांत फार बोलली जाते, व तिला आपलीं वृत्तपत्रें 'सजगता' असें म्हणतात. शब्द नवा आहे. वस्तु अत्यंत जुनी आहे. पाली ग्रंथांत तिला 'सति' म्हटलें आहे, म्हणजे आपल्या संस्कृतांतील स्मृति. १८८१ सालीं र्‍हिस डेव्हिड्स यांनीं बुद्धाच्या कांहीं सुत्तांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यांत या सतीला जो इंग्रजी प्रतिशब्द दिला तोच आज जगभर चालतो. पुढें १९७९ सालीं जॉन कबाट-झिन यांनीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागांत असाध्य दुखण्यांनीं त्रासलेल्या रोग्यांना हा अभ्यास शिकविण्यास आरंभ केला, आणि त्यानंतरच्या दशकांत विद्यापीठांतील व ऑलिंपिकला जाणाऱ्या वल्हेकऱ्यांनाही तो शिकविला. येथवर ही गोष्ट परदेशची वाटते. परंतु आपल्या शेजारच्या गोव्यांत, सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेले धर्मानंद कोसंबी घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत पाली शिकण्यास गेले, आणि परत येऊन 'समाधिमार्ग' या पुस्तकांत त्यांनीं श्वासाच्या स्मृतीचा हाच अभ्यास साध्या मराठींत समजावून सांगितला. १९७६ पासून इगतपुरीस सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेच्या केंद्रांत हजारों लोक तो करीत आले आहेत. आपल्या अंगणांतील वस्तु अमेरिकेची मोहोर उमटून आली म्हणजे आपल्याला दिसते, ही तक्रार जुनीच आहे. तिचाही रवंथ येथें नको.

मला विशेष वाटतें तें त्या 'स्मृति' शब्दाचें. रवंथही स्मृतीचाच एक प्रकार आहे. मग स्मृतीनें स्मृतीचा रोग कसा बरा व्हावा? उत्तर असें कीं, या दोन स्मृति निराळ्या आहेत. एक, जें होऊन गेलें त्याची. दुसरी, जें हातांत चाललें आहे त्याची. आपण आतां श्वास घेत आहों, आपला पाय आतां जमिनीवर टेकत आहे, आपल्या मनांत आतां लाज आली आहे, याची आठवण ठेवणें ती ही दुसरी स्मृति. तिच्यांत लाजेला हांकलून देण्याची खटपट नाहीं व तिला पाट मांडून बसविण्याचीही नाहीं. आली आहे एवढी नोंद आहे. संयुत्तनिकायांत बुद्धानें दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. अज्ञ मनुष्याला दुःखाचा एक बाण लागतो, आणि त्या दुःखाबद्दल शोक करून तो स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. शहाण्याला पहिला चुकत नाहीं, पण दुसरा तो मारून घेत नाहीं. पकड झाली हा पहिला बाण. चार महिने चालला तो दुसरा.

गंमत अशी कीं, ज्या खेळांतील हा मुलगा होता त्या खेळाच्या पोटांतच हा अभ्यास आहे. चढाई करणारा गडी एका दमांत, न थांबतां 'कबड्डी, कबड्डी' असा उच्चार करीत शिरतो. तो उच्चार त्याच्या श्वासाचें माप आहे. जोंवर तो शब्द ओठांवर आहे तोंवर मागील सामन्याची आठवण येण्यास जागाच राहत नाहीं. रेषेच्या अलीकडे परत आल्यावर मात्र तोंड मिटतें व मन उघडतें. खरा धोका तेथून पुढें.

आतां मी एका अशा गुरूकडे वळतों कीं, ज्यानें यांपैकीं कोणताही ग्रंथ वाचला असल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२ सालीं मालवणांत झाला. स्टेट बँकेंत नोकरी, प्रथम दर्जाचा एकच सामना, आणि मग शिवाजी पार्कवर आयुष्यभर मुलांना शिकविणें. २ जानेवारी २०१९ रोजीं ते वारले. १९८४ सालीं सचिन तेंडुलकरला त्याच्या भावानें त्यांच्याकडे आणलें तेव्हां तो अकरा वर्षांचा होता. क्लबातर्फे खेळलेल्या पहिल्या सामन्यांत तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला; दुसऱ्या सामन्यांतही शून्य; तिसऱ्यांत मोठ्या कष्टानें एक धाव. एवढ्या सामग्रीवर एखाद्या हळव्या मुलाला सबंध सुट्टीभर रवंथ करतां आला असता. पण आचरेकरांनीं त्याला वेळच दिला नाहीं. त्या उन्हाळ्याच्या साठ दिवसांत तो मुलगा पंचावन्न सराव सामने खेळला. एका मैदानावर बाद झाला कीं सर त्याला स्कूटरवर मागें बसवून दुसऱ्या मैदानावर नेत, आणि तेथें तो पुन्हां फलंदाजीला जाई. अपयश व पुढील प्रयत्न यांच्यामध्यें मुंबईच्या रस्त्यावरची अर्ध्या तासाची फेरी, एवढेंच अंतर. चूक झाली त्याबद्दल सर बोलत नसत असें नव्हे. ते कडक बोलत, प्रसंगीं चापटीही देत. परंतु जें बोलत तें पायाविषयीं, बॅटीविषयीं, मुलाच्या नशिबाविषयीं नव्हे. दिवसाच्या अखेरीस, मुलगा थकून गेलेला असे तेव्हां, ते यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो बाद करील त्याला तें नाणें; कोणी बाद करूं शकला नाहीं तर तें सचिनचें. अशीं तेरा नाणीं त्याच्याजवळ आहेत. या नाण्याचें वर्णन आपण मोहाचें म्हणून करतों, पण माझ्या मतें त्याचें खरें काम निराळें होतें. थकलेलें मन भूतकाळांत किंवा भविष्यांत भटकतें. त्याला आणून बांधण्यासाठीं डोळ्यांसमोर एक लहानशी चकचकीत वस्तु लागते.

आचरेकरांची सगळीच पद्धति उचलावी असें मी म्हणत नाहीं. २०१३ सालीं वानखेडे मैदानावर निरोप घेतांना तेंडुलकरनें सांगितलें कीं, एकोणतीस वर्षांत सरांनीं आपल्याला 'चांगला खेळलास' असें एकदांही म्हटलें नाहीं. त्या शिष्याला तें मानवलें. त्याच्या घरीं मायेला तोटा नव्हता. ज्या मुलाला घरींही कोणी बरें म्हणत नाहीं त्याला तसाच गुरु लाभला, तर त्याच्या रवंथाला चारा पुरविल्यासारखें होईल.

आणि त्या शिष्याचें तरी मन निश्चिंत होतें काय? मुळींच नाहीं. २०२१ सालीं त्यानें उघड सांगितलें कीं, कारकीर्दींतील दहा-बारा वर्षें सामन्याच्या आदल्या रात्रीं चिंतेनें आपल्याला झोंप येत नसे. पुष्कळ काळ तो त्या चिंतेशीं झगडला. पुढें ही आपल्या तयारीचाच एक भाग आहे असें त्यानें मानलें, आणि त्या जागरणांत तो दूरदर्शन पाही, खेळ खेळे, बॅट नसतांना बॅटीचे फटके मारी. सकाळीं स्वतः चहा करणें, कपड्यांना इस्त्री करणें, पिशवी भरणें हीं कामें निगुतीनें करी. मला हें फार मोलाचें वाटतें. चिंता गेली असें तो म्हणत नाहीं. ती आहे तशी ठेवून चहा केला, असें म्हणतो.

येथें माझ्यासमोर एक आक्षेपक उभा राहतो, व त्याला मी टाळूं इच्छीत नाहीं. कारण तो आपल्या सर्वांच्या घरांतला आहे. तो म्हणतो, 'हें सर्व खेळापुरतें ठीक. पण चुकीचें शल्य इतक्या सहज काढून टाकण्यास मुलांना शिकविलें, तर उद्यां तीं खरा अपराध करूनही शांतपणें श्वास मोजीत बसतील. पश्चात्तापच नसेल तर नीति कशी टिकेल?' आक्षेप पोकळ नाहीं. सति हें बुद्धाच्या अष्टांगिक मार्गांतील सातवें अंग आहे. सम्यक् वाचा, सम्यक् कर्म, सम्यक् आजीविका हीं त्याच्या आधीं येतात. आधींचीं अंगें गाळून एवढेंच एक उचललें, तर तें कशालाही जुंपतां येतें, आणि लबाडाचेंही मन त्यानें स्थिर होईल. हा दोष आजच्या पुष्कळ शिबिरांत आहे, व तो लपविण्यांत अर्थ नाहीं.

तथापि आक्षेपक दोन गोष्टी एकत्र कालवतो. झेल सुटणें हें अपयश आहे. झेल जमिनीला लागला असतां तो घेतल्याचा आव आणणें हा अपराध आहे. पहिल्याला पश्चात्तापाची गरजच नाहीं; सरावाची आहे. दुसऱ्याला पश्चात्ताप हवा, परंतु पश्चात्तापाचें काम काय? पंचाकडे जाऊन खरें सांगणें, ज्याची हानि झाली त्याची भरपाई करणें. तें केलें कीं त्याचें काम संपलें. स्पिनोझा तर याच्याही पुढें जातो. पश्चात्ताप हा सद्गुणच नव्हे, पश्चात्ताप करणारा दुहेरी दुबळा होय, असें त्यानें आपल्या नीतिशास्त्रांत प्रतिपादिलें आहे. मी इतका पुढें जाण्यास तयार नाहीं. परंतु अनुभव असा कीं, जो मनुष्य वर्षानुवर्षें आपल्या अपराधाबद्दल कुढत बसतो तो बहुधा भरपाई टाळीत असतो. कुढणें ही त्याची हप्त्याहप्त्यानें दिलेली किंमत असते. मुद्दल तसेंच राहतें. ज्याला आपण जबाबदारीची तीव्र जाणीव समजून मान देतों, ती पुष्कळ वेळां स्वतःकडेच पाहत राहण्याची एक खोड असते. हरलेला मुलगा भिंतीकडे तोंड करून निजतो तेव्हां त्याच्या संघांतील ज्या लहान खेळाडूला धीराची गरज आहे तो त्याला दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप मला अधिक बोंचतो. मुलाच्या मनांत जें घोळत आहे तें खरेंच असेल तर? निवडींत वशिला झाला असेल, मैदानांत खडे असतील, दोन सामन्यांच्या मध्यें खावयास कांहीं मिळालें नसेल, तर त्याला डोळे मिटून श्वासाकडे पाहा म्हणणें ही शुद्ध फसवणूक होय. व्यवस्थेची चूक मनाच्या औषधानें झांकणें हें पाप आहे, आणि संस्थांना तें फार आवडतें, कारण स्वस्त पडतें. पण येथेंही कुढणें व तक्रार यांत भेद करावा लागतो. तक्रारीला पत्ता असतो. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें सहावा आला. पुढच्या खेपेस निवडींत आपल्यावर अन्याय झाला असें वाटतांच त्यानें तें थेट पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेलें, फेरकुस्ती मागितली व ती जिंकली, असें सांगतात. प्रवासाला पैसे नव्हते तेव्हां त्याच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि १९५२ सालीं हेलसिंकीस त्यानें ब्राँझपदक मिळविलें. आमच्या किनाऱ्यावरचे रापणकर घ्या. समुद्रांत अर्धगोल जाळें टाकून तासन्तास दोन्ही टोंकें ओढावीं, आणि शेवटीं मूठभर मासळी यावी, असें त्यांच्या वांट्याला कितीदां तरी येतें. जाळें वाळत घालतांना ते कोणाच्या नांवानें रडत नाहींत. परंतु यांत्रिक पर्ससीन नौका किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडून नेऊं लागल्या तेव्हां तेच लोक मोर्चा घेऊन कचेरीवर गेले. रिकाम्या जाळ्याबद्दल स्वस्थ व लुटीबद्दल संतप्त, हीं दोन्ही वृत्ति एकाच मनुष्याच्या ठायीं नांदतात, व त्यांत मला विसंगति दिसत नाहीं.

संशोधनाविषयीं एक शब्द. विद्यार्थी-खेळाडूंवर अलीकडे बरेच अभ्यास झाले आहेत, व ज्यांची सजगता अधिक त्यांचा रवंथ कमी असें त्यांत सामान्यतः आढळतें. परंतु यांतील पुष्कळसे अभ्यास प्रश्नावल्यांवर उभे आहेत. सजगतेमुळें रवंथ थांबला कीं रवंथ कमी म्हणून सजगता जमली, हें त्यांवरून ठरत नाहीं. म्हणून चार आठवड्यांत मनाची शक्ति वाढवून देतों असें सांगणाऱ्या जाहिरातदारांपासून पालकांनीं चार हात दूरच राहावें.

समुद्रांत पोहणाऱ्याला एक अडचण असते ती तलावांत पोहणाऱ्याला नसते. तळाशीं रेषा आंखलेली नसते. पाण्यांत तोंड घालून तो सरळ जात आहे असें त्याला वाटतें, आणि लाट व प्रवाह त्याला बाजूला नेत असतात. यास्तव ठराविक हात मारल्यावर डोकें किंचित् वर काढून खूण पाहावी लागते. ती मुळींच न पाहणारा भरकटतो. पण भीतीनें दर हाताला डोकें वर काढणाऱ्याचे पाय खालीं जातात, वेग तुटतो, व तो लवकर थकतो. किती हातांनीं पाहावें हें समुद्र कसा आहे त्यावर अवलंबून; शांत पाण्यांत कमी, खवळलेल्या पाण्यांत अधिक. आपल्या चुकीकडे पाहण्याचें प्रमाण कोणीं विचारलें तर मी त्याला पुस्तकाकडे न धाडतां चिवल्यावर पोहणाऱ्या एखाद्या मुलीकडे धाडीन. विल्यम जेम्सनें आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथांत, १८९० सालीं, भटकलेलें अवधान पुन्हां पुन्हां परत आणण्याची शक्ति हेंच विवेकाचें व चारित्र्याचें मूळ आहे असें म्हटलें. त्याला तिचें शिक्षण कसें द्यावें तें मात्र सांगतां आलें नाहीं, हेंही त्यानें प्रांजळपणें लिहिलें आहे.

कोल्हापूरकडचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२३ सालीं हांगझोच्या आशियाई स्पर्धेंत वैयक्तिक पदकाच्या अगदीं जवळ असतां त्याच्या बंदुकीतून ७.६ गुणांची एक गोळी सुटली, आणि तो चौथा आला. नेमबाजींत एका गोळीला १०.९ पर्यंत गुण मिळतात. त्या पातळीवर ७.६ म्हणजे हातांतून भांडें पडल्यासारखें. त्याच्या आदल्या वर्षीं कैरोच्या जागतिक स्पर्धेंतही तो चौथाच होता. दोन वर्षांत दोन चौथे क्रमांक! १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें त्यानें पन्नास मीटर रायफलींत ब्राँझपदक मिळविलें, आणि नंतर, मी श्वासाकडे लक्ष ठेवून होतों, नवें कांहीं करावयास गेलों नाहीं, अशा अर्थाचें तो बोलला. त्या वर्षभरांत ती ७.६ ची गोळी त्याला किती रात्रीं आठवली असेल तें त्यालाच ठाऊक.

आतां घरच्या माणसांविषयीं. मला कित्येक पालक विचारतात कीं, मुलगा हरून आला तर त्या संध्याकाळीं काय बोलावें? माझें उत्तर त्यांना निराशाजनक वाटतें, कारण त्यांत बोलण्यासारखें फारसें नसतें. परतीच्या वाटेवर एस. टी. त सामन्याची चिरफाड करूं नये. जेवावयास वाढावें. चुकीचा विचार दुसऱ्या दिवशीं, प्रशिक्षकाजवळ, कागदावर, अर्धा तास, एकदांच व्हावा. काय कसें झालें व उद्यां काय करावयाचें, इतकेंच त्यांत असावें. शेजाऱ्यांनीं विचारलें तर 'हरला' असें एका शब्दांत सांगावें, मुलाच्या देखत सबंध हकीकत पुन्हां सांगूं नये. कारण ती त्याची आठवी उजळणी असते. आणि जिल्हा पातळीवर खेळला असेल तर सवलतीच्या गुणांचा अर्ज शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे वेळेवर गेला आहे कीं नाहीं, तें बापानें स्वतः जाऊन पाहावें.